निशाणाचा रंग आणि मनाचा रंग

यंदाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठास कोणता रंग द्यावा, या एका प्रश्नावर आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या दोन बैठका खर्ची पडल्या, ही गोष्ट सभासद बंधूंपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. केशरी रंग सुचविताच एक सदस्य म्हणाले, "हा एका बाजूचा समजला जाईल." पिवळा आणि तांबडा सुचविताच दुसरे म्हणाले, "मग आपण दुसऱ्या बाजूस गेलो, असे लोक म्हणतील." हिरव्याविषयी तिसऱ्यांनी नुसती मान हलविली, निळ्याविषयी चौथ्यांनी. रात्रीचे दहा वाजले, तेव्हा "पांढरा करा, म्हणजे कोणी काही बोलणार नाही" असे ठरून बैठक उठली. मीही तेथे होतो आणि ठरावास मीही हात वर केला. घरी आल्यावर मात्र मनाला चुटपुट लागून राहिली. पांढऱ्या रंगात काही उणे आहे असे नव्हे. पण आम्ही तो पसंत केला नव्हता, भिऊन पत्करला होता. त्या चुटपुटीतूनच हे चार शब्द लिहीत आहे.

मी विद्वान नव्हे. मॅट्रिक झाल्यावर वडिलांच्या अडत दुकानात बसलो, तो आज साठी उलटली तरी धान्याच्या पोत्यांतच आहे. तेव्हा निशाणांविषयी बोलतानाही मला प्रथम पोत्यावरचा मार्का आठवतो. तांबड्या किंवा निळ्या शाईचा तो शिक्का. त्याला स्वतःची अशी काहीच किंमत नसते. वर्षानुवर्षे त्या शिक्क्याखाली निवडक दाणा निघाला, म्हणजे शिक्क्याला पत येते. दोन हंगाम खडे निघाले, की तोच शिक्का पाहून गिऱ्हाईक पुढच्या दुकानी जाते. जाणता व्यापारी मार्का पाहतो खरा, पण सौदा करण्यापूर्वी परखी खुपसून दाणा हातावर घेतोच. निशाणाच्या रंगाचे याहून निराळे नाही. रंग हा मार्का आहे. दाणा म्हणजे तो रंग मिरविणाऱ्याचे वर्तन.

रंगांना अर्थ जन्मतः चिकटून येतात, असे समजणाऱ्यांनी आपल्या राष्ट्रध्वजाचा इतिहास पाहावा. १९२१ साली बेजवाडा येथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे जो ध्वज मांडला, त्यात तांबडा हिंदूंचा व हिरवा मुसलमानांचा, अशी वाटणी होती. इतर समाजांसाठी पांढरा पट्टा घालावा आणि चरखा असावा, अशी त्यात भर पडली. पण रंगांची वाटणी एकदा जमातवार केली, की वाटेकरी वाढत जातात. शीख बंधूंनी आपलाही रंग मागितला, आणि त्यांचे म्हणणे त्या हिशेबाने रास्तच होते. म्हणून १९३१ साली काँग्रेसने सात जणांची ध्वज समिती नेमली. पट्टाभी सीतारामय्या, सरदार पटेल, पंडित नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग यांच्याबरोबर त्या समितीत आपल्या मुलखाशी नाते असलेले दोघे होते : बालपणाचा काही काळ बेळगाव परिसरात घालविलेले काका कालेलकर, आणि आपल्याच जिल्ह्यातील घटप्रभा येथे ज्यांनी पुढे कार्य केले ते सेवादलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर. समितीने सुचविले की ध्वज सगळाच केशरी असावा व त्यावर चरखा असावा. तीही सूचना काँग्रेसने मान्य केली नाही. केशरी, पांढरा, हिरवा असे तीन पट्टे कायम करून तिने जाहीर केले, की या रंगांचा कोणत्याही जमातीशी संबंध नाही. केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धा व शौर्याचा. पुढे २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेऊन आजचा तिरंगा स्वीकारला. तेव्हा डॉ. राधाकृष्णन यांनी हिरव्याचा अर्थ मातीशी व ज्यावर सर्वांचे जीवन चालते त्या वनस्पतींशी असलेले आपले नाते, असा सांगितला. धान्याच्या व्यापाऱ्यास यापरता जवळचा अर्थ कोणता असणार?

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की दहा वर्षांत कापडाचे रंग फारसे बदलले नाहीत. बदलला तो त्यांचा अर्थ. मोठ्या माणसांनी एकत्र बसून, वाद घालून, विचारपूर्वक तो बदलला. ज्या काँग्रेसने हे केले, तिचे १९२४ चे अधिवेशन आपल्याच बेळगावात गंगाधरराव देशपांडे यांच्या खटपटीने भरले होते आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष होते. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. इतका वारसा असलेल्या गावात एका मुखपृष्ठाचा रंग आम्हांस ठरविता येऊ नये, ही थोडी लाजेची गोष्ट आहे.

दुसरे उदाहरण आपल्या घरचेच. भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने १९७४-७५ साली दिगंबर, श्वेतांबर मूर्तिपूजक, स्थानकवासी व तेरापंथी या सर्वांनी मिळून पंचरंगी ध्वज मान्य केला. तांबडा सिद्धांचा, पिवळा आचार्यांचा, मधला पांढरा अरिहंतांचा, हिरवा उपाध्यायांचा आणि काळा, कोठे कोठे गडद निळा, साधूंचा. त्यापूर्वी आपल्यात तीर्थक्षेत्रांचे वाद नव्हते काय? होते, आणि आजही सर्व मिटले आहेत असे म्हणवत नाही. पण पाच रंग एका काठीवर आले, कारण प्रत्येकाने आपला हेका थोडा सोडला. आता पाहा, ज्या केशरी, हिरव्या व काळ्या रंगांची आम्हांस बैठकीत भीती वाटली, त्यांतील हिरवा आणि काळा आपल्याच ध्वजात आहेत आणि मधला स्वस्तिक केशरी आहे. रोज ज्याला आपण वंदन करतो, त्यातील रंगांचे नाव मंडळाच्या बैठकीत काढण्यास आपण कचरतो.

आता आपल्या गावाकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून दरवर्षी ती तारीख आली, की या शहरात एका रस्त्याने पिवळी-तांबडी निशाणे जातात व दुसऱ्या रस्त्याने दंडावर काळ्या फिती बांधलेली माणसे. एकाचा तो राज्योत्सव, दुसऱ्याचा काळा दिवस. पिवळे-तांबडे निशाण १९६० च्या दशकात म. राममूर्ती यांनी पुढे आणले. त्यातील पिवळा हळदीचा आणि तांबडा कुंकवाचा. भगवा तर शिवरायांचा आणि वारकऱ्यांच्या पताकेचाही. दोन्हींमागे माणसांचे खरे प्रेम आहे आणि काळ्या फितीमागे खरे दुःख आहे. कोणाच्याही अभिमानास वा दुःखास कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. सीमेचा न्यायनिवाडा न्यायालये व सरकारे करतील. तो अडत दुकानात व्हावयाचा नाही. माझा प्रश्न एवढाच, की दुकानात शिरणाऱ्या माणसाच्या छातीवरील रंगाचे आपण काय करावे?

या प्रश्नावर मी स्वतः चुकलो आहे, म्हणून अधिकाराने बोलतो. माझी पंचविशी उलटली होती. डोक्यात रक्त गरम होते आणि घरची मराठी मनात उसळत होती. १ नोव्हेंबर होऊन दोन दिवस झाले असतील. बैलहोंगलकडील एका खेड्यातील किराणा दुकानदार नेहमीप्रमाणे तूरडाळीची दहा पोती घेण्यास आला. पंधरा दिवसांच्या उधारीचा त्याचा जुना रिवाज. त्याच्या खिशावर पिवळा-तांबडा बिल्ला होता. माझी नजर त्यावर गेली आणि मी म्हणालो, "यापुढे माल रोखीनेच." तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने कनवटीचे पैसे मोजले, तेवढ्यात तीन पोती बसली, ती घेऊन काही न बोलता गेला.

संध्याकाळी दिवाणजींकडून ही हकीकत वडिलांच्या कानी गेली. ते रागावले नाहीत. त्यांनी जुन्या खतावण्या काढावयास सांगितल्या आणि त्या गृहस्थाचे पान माझ्यापुढे धरले. वीस-बावीस वर्षांत एकही मुदत चुकलेली नव्हती. १९७२ च्या दुष्काळात त्याने बायकोच्या पाटल्या विकून आमचे देणे फेडले होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. वडील म्हणाले, "खतावणीला रकाने दोनच : नावे आणि जमा. तिसरा रकाना तू कोणाला विचारून आखलास?"

दुसऱ्या दिवशी मी बसने त्या गावी गेलो. सात पोती मागून येत आहेत असे सांगितले आणि क्षमा मागितली. त्याने मला चहा दिला. बिल्ल्याचा विषय मीच काढला, तेव्हा तो हसून म्हणाला, "तो धाकट्या मुलीने शाळेतून आणला होता. अप्पा, लावा म्हणाली, लावला. काढला असता तर तिला वाईट वाटले असते." मी ज्यात वैर वाचले, ते एका मुलीचे कौतुक होते. आणि समजा, तो त्याने स्वतःच्या अभिमानाने लावला असता, तरी त्याच्या पतीत त्यामुळे एक पैचाही फरक पडला नसता. ही दुसरी गोष्ट मला पहिलीहून अधिक महत्त्वाची वाटते.

परत येताना मला आमच्या गादीवरची वही आठवली. दिवाळीत लक्ष्मीपूजनास नवी वही मांडतो, ती तांबड्या कापडात बांधलेली. तिच्यावर हळदकुंकू वाहतो. म्हणजे ज्या दोन रंगांवर मी रुष्ट झालो, तेच दोन रंग वाहिल्याखेरीज माझा व्यापार वर्षाला सुरू होत नाही! काळ्याचेही तसेच. फितीचा काळा शोकाचा व निषेधाचा. मंगळसूत्राच्या मण्यांचा काळा सौभाग्याचा. वकिलाच्या कोटाचा काळा न्यायाचा. आपल्या ध्वजातील काळा साधूंचा. रंग कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. ज्याने त्याने ते उसने घेतले आहेत.

माणूस रंग स्वतः लावतो ही एक गोष्ट, आणि दुसरा त्याच्यावर रंग डकवतो ही अगदी वेगळी गोष्ट. पहिलीत अभिमान असतो, दुसरीत पुष्कळदा अपमान. सीमेपलीकडे महाराष्ट्रात १९९९ सालापासून शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या : गरिबांची पिवळी, मधल्यांची केशरी, सधनांची पांढरी. हेतू चांगला होता, धान्य योग्य घरी जावे म्हणून ती सोय होती. तरीही 'पिवळे कार्डवाला' हा शब्द लोकांच्या तोंडी माणसाची ओळख होऊन बसला. चांगल्या हेतूने डकवलेल्या रंगाची ही कथा. वाईट हेतूने डकवलेल्या रंगाची कथा याहून भयंकर आहे. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सरकारने सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूस कपड्यावर पिवळी चांदणी शिवून घेण्याची सक्ती केली. त्यानंतर त्या लोकांचे काय झाले, हे जगास ठाऊक आहे. आपल्या गावातील भांडणाची त्या महापातकाशी तुलना मी करीत नाही. पण माणसास न पाहता त्याच्यावरचा रंग पाहण्याची सवय लहानच असते तेव्हाच मोडावी, एवढे त्यातून घ्यावयाचे. मी त्या दुकानदारास "रोखीनेच" म्हणालो, तेव्हा त्याचा बिल्ला त्याने लावलेला राहिला नव्हता. तो मी त्याच्यावर डकवला होता.

आपल्या शास्त्रांत रंगांचा एक विचार आहे, तो आपण पाठशाळेत ऐकतो आणि दुकानात विसरतो. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल अशा सहा लेश्या सांगितल्या आहेत. हे रंग कापडाचे नव्हेत, मनाच्या परिणामांचे आहेत. जांभळाच्या झाडाचा दृष्टांत सर्वांस माहीत आहे. सहा भुकेले वाटसरू झाडाशी आले. एक म्हणाला, झाड मुळासकट उपटू. दुसरा म्हणाला, बुंधा तोडू. तिसरा मोठ्या फांद्या म्हणाला, चौथा डहाळ्या, पाचवा नुसती पिकली फळे. सहावा म्हणाला, खाली पडली आहेत तीच वेचू. भूक सहाही जणांची सारखी होती. रंग मात्र सहा ठरले. ज्यांनी ही कल्पना मांडली त्यांनी लेश्येतील काळा सर्वांत हीन मानला, आणि ध्वज सिद्ध करणाऱ्यांनी साधूंना काळाच पट्टा दिला. यात विसंगती नाही. रंग संकेताने अर्थ धारण करतो आणि प्रसंगाने तो अर्थ बदलतो, हे आपल्या पूर्वसूरींस पक्के ठाऊक होते. न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे झाडाशी आपण कसे वागतो. एका बिल्ल्यासाठी वीस वर्षांचे खाते तोडावयास निघालेला मी त्या दिवशी बुंध्यावर कुऱ्हाड घेऊन उभा होतो, आणि माझ्या अंगावरचा सदरा मात्र पांढराशुभ्र होता.

येथे एक आक्षेप मला ऐकू येतो. लोक म्हणतात, व्यापारी हा सरड्यासारखा असतो; ज्या बाजूची मिरवणूक येईल, त्या बाजूचे निशाण दारावर लावतो. तुम्ही हा सगळा उपदेश गल्ल्यासाठीच करीत आहात! या आरोपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आपल्यापैकी काहींच्या दुकानात दोन-तीन रंगांची निशाणे घडी घालून ठेवलेली असतात आणि रस्त्यावरचा आवाज ऐकून त्यांतील एक बाहेर निघते. काच फुटेल, पोती फाटतील, ही भीती खोटी नाही. ज्याच्या दुकानावर दगड पडला आहे त्यास मी भित्रा म्हणणार नाही. पण भीतीने लावलेल्या निशाणात निष्ठा नसते, आणि ते निशाण खरोखर मानणाऱ्याचाही त्याने अपमानच होतो. दहा पोत्यांवर दहा मार्के मारून ठेवणाऱ्याच्या एकाही मार्क्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की ज्यास जो रंग मनापासून प्रिय असेल, त्याने तो आपल्या घरी, आपल्या छातीवर उघडपणे मिरवावा. ज्यास कोणताच नको, त्याने कोणताही लावू नये. काट्यावर मात्र कोणाचाही रंग मोजला जाऊ नये. याला तटस्थता म्हणा वा व्यापारधर्म म्हणा. पण हा गल्ल्याचा हिशेब नव्हे, कारण कधी कधी यात नुकसानही सोसावे लागते.

राष्ट्रध्वजाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण तेथे निष्ठेची परीक्षा सर्वांची सारखीच होते. प्रत्येक नागरिकास सन्मानपूर्वक तिरंगा फडकविण्याचा अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. २०२१ च्या अखेरीस पॉलिस्टरच्या व यंत्रावर विणलेल्या ध्वजासही परवानगी मिळाली. घरोघरी ध्वज पोहोचला, हे चांगलेच झाले. परंतु १६ ऑगस्टच्या सकाळी पेठेतील गटाराकडेला ओले, चुरगळलेले ध्वज मी स्वतः उचलले आहेत. फाटलेला ध्वज रस्त्यावर टाकावयाचा नसतो. तो एकांतात, मानाने, शक्यतो जाळून विसर्जित करावा असा नियम आहे. आपल्यापासून दूर नसलेल्या हुबळीच्या बेंगेरी येथे खादीचा ध्वज नियमबरहुकूम तयार होतो. सूत, विण, रंगाचा पक्केपणा या सर्वांची कसोटी घेतली जाते. भारतीय मानकांच्या यादीत क्रमांक एकचे मानक राष्ट्रध्वजाचेच आहे. आपल्या किल्ला तलावाकाठी २०१८ साली ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण ध्वजाची उंची मीटरमध्ये मोजता येते, निष्ठेची नाही. ती १६ ऑगस्टच्या सकाळी कळते.

आता कार्यकारिणीपुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली : मंडळाच्या इमारतीवर १५ ऑगस्ट व २६ जानेवारीस बेंगेरीचा खादीचा तिरंगा चढवावा आणि महावीर जयंतीस पंचरंगी ध्वज, इतर दिवशी कोणाच्याही आग्रहावरून वा धाकावरून कोणताही लावू नये. दुसरी : कोणत्याही सभासदाने भाव, माप वा उधारी ठरविताना गिऱ्हाइकाची भाषा, पक्ष वा निशाण विचारात घेऊ नये, असा ठराव वार्षिक सभेत करावा व तो दुकानात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लावावा. तिसरी : एखाद्या सभासदाच्या दुकानास निशाणाच्या कारणावरून नुकसान पोहोचले, तर ते निशाण कोणते होते हे न विचारता मंडळाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. तिसरी सूचना सर्वांत खर्चाची आहे, हे मी जाणतो. पण तिच्यावाचून पहिल्या दोन कागदावरच राहतील; माणूस एकटा असला म्हणजेच भितो.

राहिले मुखपृष्ठ. यंदाची स्मरणिका पांढऱ्या वेष्टनात आपल्या हाती येत आहे. पुढील वर्षी तो रंग बदलावा असा माझा हट्ट नाही. पांढराच ठेवा, वा पंचरंगी करा, वा जोंधळ्याच्या कणसाचा रंग द्या. मात्र पहिल्या पानावर दोन ओळींत त्याचे कारण छापा. "कोणी काही बोलू नये म्हणून" असे कारण छापण्यास आपल्याला संकोच वाटत असेल, तर तो रंग आपण निवडू नये. अर्थ आपण दिला, की रंग आपला होतो. आणि त्या अर्थाप्रमाणे वर्षभर वागलो, की त्याला पत येते.

वडिलांनी दाखविलेले ते पान मी आजही जपून ठेवले आहे. त्या दुकानदाराचा व्यवहार आता त्याची धाकटी मुलगी पाहते. तिच्या नावाचे खाते आमच्याकडे चालू आहे, आणि त्यात रकाने दोनच आहेत.

जय जिनेंद्र.